पूजेला ठेवलेल्या घोड्या

चंद्रमौळीरावांच्या हाताखाली चौतीस वर्षांत एकाही माणसाचं बोट गेलं नव्हतं. अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत हे वाक्य सहजासहजी कुणाला बोलता येत नाही. तिथल्या चहाच्या टपरीवर जरा वेळ उभं राहून ग्लास धरणाऱ्यांचे हात पाहिले, की कुणाचं एक पेर गेलेलं दिसतं, कुणाचं नख. प्रेसवर गेलं, लेथवर गेलं, साखळीत गेलं, अशी ज्याची त्याची कहाणी असते आणि ती सांगताना माणसं हसतातसुद्धा. चंद्रमौळीराव हसत नसत. कारखान्याच्या ऑफिसात 'अपघात : शून्य' अशी पाटी त्यांनी स्वतःच्या हातानं तमिळमध्ये रंगवून लावली होती आणि दर पोंगलला ते तिच्यावर रंगाचा नवा हात फिरवीत.

माणूस तसा वेगळा काही नव्हता. तंजावरचं मराठी घराणं. वडील तिथल्या शाळेत कारकून. घरात बोलायची ती जुनी मराठी, बाहेर तमिळ, आणि पुण्यामुंबईचा कुणी भेटलाच तर तो यांची मराठी ऐकून आधी चकित होणार आणि मग गालातल्या गालात हसणार, हेही ठरलेलं. आयटीआय करून चंद्रमौळी चेन्नईला आले ते थेट या कारखान्यात. तिथं ट्रेलर बनत. आधी सामान वाहायचे, मग चहाच्या आणि डोशाच्या गाड्या, आणि आता गेल्या चार-पाच वर्षांत पैसेवाल्यांना नवीन खूळ लागलं म्हणून प्रवासाचे छोटे ट्रेलर. गाडीच्या मागे जोडायची चाकांवरची खोलीच ती. दोन माणसं झोपतील, कोपऱ्यात एक शेगडी, खिडकीला पडदा. घरात गावाकडचे चार पाहुणे आले तर ज्यांना जागा होत नाही ते लोक सुट्टीत अशा डब्यात जाऊन झोपतात, याचं चंद्रमौळीरावांना शेवटपर्यंत नवल वाटत राहिलं.

नवल वाटो न वाटो, काम चोख. या ट्रेलरचं चाक बदलायचं तर कसं, हे ते नव्या माणसाकडून संध्येसारखं पाठ करून घेत. ट्रेलर पुढच्या गाडीपासून सोडायचा नाही, जोडलेलाच ठेवायचा. गाडीचा हँडब्रेक ओढायचा. जे चाक काढायचं नाही त्याला पुढून आणि मागून लाकडाच्या पाचरी ठोकायच्या. नट जरा ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच. जॅकखाली फळी. जॅक लावायचा तो खालच्या चौकटीला, खूण केली आहे तिथंच. ट्रेलरच्या चार कोपऱ्यांना जे बारीक पाय असतात ते आतल्या माणसाला हेलकावे बसू नयेत म्हणून, वजन पेलायला नव्हेत. आणि सगळ्यांत शेवटी, म्हणजे सगळ्यांत महत्त्वाचं : उचललेलं वजन जॅकवर सोडायचं नाही. चौकटीखाली लोखंडी घोड्या सरकवायच्या, वजन त्यांच्यावर बसवायचं, मगच चाकाला हात. "जॅक उचलण्यास, घोडी धरण्यास," असं ते म्हणत. घोडी नाही तर काम नाही.

हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम वर्षातून एकाच दिवसाचा होता.

आयुधपूजेच्या दिवशी कारखान्यातली सगळी हत्यारं धुऊन पुसून देवापुढे मांडायची. पाने, हातोडे, ड्रिल, जॅक, घोड्या, पाचरी. सगळ्यांना चंदन, कुंकू, फूल. आणि एकदा मांडली, की दुसऱ्या दिवशी विजयादशमीला पुनर्पूजा होईपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. हत्यारंही वर्षातून एक दिवस निजतात, असं थोरले मालक सांगत. थोरले मालक गेले, त्यांचा मुलगा कार्तिकेय परदेशातून शिकून आला, ऑफिसात एसी आला, पण पूजा चंद्रमौळीरावांकडेच राहिली. तीही चौतीस वर्षांत एकदासुद्धा मोडली नव्हती. आता गंमत अशी, की माणसाला दोन नियमांचा सारखाच अभिमान असला म्हणजे ते दोन्ही कधीतरी एकमेकांच्या छातीवर बसतात. त्या दिवशी कुणाला वर ठेवायचं, हे कुठल्याही पाटीवर लिहिलेलं नसतं.

त्या वर्षी पूजा दहाला आटोपली. चुरमुरे आणि डाळं वाटून झालं, फाटकापाशी कोहळा फुटला, फरशी धुतली गेली. माणसं घरी निघायच्या बेतात होती, तेवढ्यात कार्तिकेयचा एक मित्र आला. पांढरी मोठी गाडी, मागे याच कारखान्यातला ट्रेलर, आणि ट्रेलरचं डावं चाक बसलेलं. कशावरून तरी गेलं होतं आणि टायर कडेला चिरला होता. तीन दिवसांची जोडून सुट्टी, बायकामुलं गाडीत, पाँडिचेरीला निघालेले. स्टेपनी जवळ होती. फक्त बदलायचं होतं.

"सार, एकच चाक," कार्तिकेय म्हणाला. तो चंद्रमौळीरावांशी तमिळमध्ये आणि आदरानं बोले. आदर दाखवायला पैसे पडत नाहीत.

"आज नाही," चंद्रमौळीराव म्हणाले. "उद्या सकाळी पुनर्पूजा झाली की पहिलं हेच."

"घोड्या काढून घेऊ ना तेवढ्या. देव काय म्हणणार आहे?"

आता इथं कार्तिकेय बरोबर होता, हे सांगायला हवं. देव काही म्हणाला नसता. पण आजूबाजूला दहा-बारा माणसं उभी होती, मित्र मोबाइल बघत होता, आणि कार्तिकेय हे बोलताना जरा हसला. चंद्रमौळीरावांना ते हसणं लागलं. "तुमच्या वडिलांनी कधी काढल्या नाहीत," असं ते म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांकडे, विशेषतः प्राणेशकडे, वळून सांगितलं, "आज हत्यारांस कोणी हात लावायचा नाही. सांगून जातो आहे."

प्राणेश म्हणजे त्यांचा भाचा. धाकट्या बहिणीचा, कनकाचा मुलगा. कनकाचा नवरा लवकर गेला, तेव्हा एकोणीस वर्षांच्या प्राणेशला तिनं तंजावरहून आणून भावाच्या पुढ्यात उभं केलं. आता तो अडतीस वर्षांचा, लग्न झालेला, एका मुलीचा बाप, कारखान्यातला सगळ्यांत हुशार फिटर. मामांचा शब्द म्हणजे त्याला वेदवाक्य. बाकीचे त्याला चिडवीत, की तू शिंकायचं तरी मामांना विचारून शिंकतोस का. तो हसून हो म्हणे.

चंद्रमौळीराव तरातरा स्टेशनकडे निघाले. पुढं कितीतरी वेळा त्यांनी मनात तो क्षण उलटसुलट करून पाहिला. "हत्यारांना हात लावायचा नाही" असं ते म्हणाले. "ट्रेलर उचलायचा नाही" असं म्हणाले नाहीत. हत्यारांवाचून ट्रेलर कोण उचलणार, असं त्यांना वाटलं, आणि त्यात चूक काही नव्हती. पण थांबायला काय झालं होतं? घरी घाई नव्हती. कोरट्टूरला बायको पाटपाणी करून बसली असली तरी ती आणखी तासभर बसली असती. ते गेले ते रागानं. फणकाऱ्यानं निघून गेलेल्या माणसाला आपण तत्त्वासाठी गेलो असं वाटत असतं.

फोन आला तेव्हा दोन वाजले होते आणि ते पानावर होते. प्राणेशच्या हातावर ट्रेलर पडला, असं वॉचमन म्हणाला. दवाखान्यात नेलंय. चंद्रमौळीराव आपोशन न घेता उठले.

कारखान्यात पोचल्यावर त्यांनी जे पाहिलं ते समजून घ्यायला त्यांना कुणाला विचारावं लागलं नाही. जमिनीवरच्या खुणा वाचण्यातच त्यांचा जन्म गेला होता. ट्रेलर एकटाच उभा होता, पुढं गाडी नव्हती. मित्राच्या गाडीला देवळात पूजेची वेळ मिळाली होती, चाकाखाली लिंबं चिरडायची होती, म्हणून तो ट्रेलर सोडून गाडी घेऊन गेला होता. जाताना गाडीतला जॅक आणि पाना काढून देऊन गेला. ही हत्यारं बाहेरची. पूजेतली नव्हेत. यांना हात लावला तर मामांचा शब्द मोडत नाही. पाचरी पूजेत, म्हणून चाकाला अर्ध्या विटा. घोड्या पूजेत, म्हणून खाली काही नाही, कोपऱ्याचा बारीक पाय तेवढा फिरवून टेकवलेला. आणि फाटकाची ती जागा उताराची, सकाळी धुतलेली, ओली. विटा सरकल्या, ट्रेलर सुतभर पुढं गेला, जॅक आडवा झाला, बारीक पाय काडीसारखा वाकला. नवं चाक बसवताना प्राणेशचा उजवा हात टायर आणि वरच्या पत्र्याच्या मध्ये होता.

दहा पावलांवर, शेडमध्ये, देवापुढे चारही घोड्या ओळीनं उभ्या होत्या. चंदन वाळून पांढरं झालं होतं. एकीवरचं फूल तेवढं वाऱ्यानं खाली पडलं होतं. चंद्रमौळीरावांनी ते उचललं नाही.

कार्तिकेय ऑफिसात होता. रडलेला दिसत होता, हेही खरं. वाईट माणूस नव्हता तो. वाईट माणसांपासून सावध तरी राहता येतं. त्यानं चंद्रमौळीरावांना खुर्ची दिली, पाणी मागवलं, आणि सांगितलं, की तीन बोटं गेली. मधली तीन. डॉक्टरांनी अंगठा आणि करंगळी वाचवली. मग त्यानं एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला.

"हे आजच पाठवावं लागतं, सार. तुम्ही सुपरवायझर, तुमची सही लागेल."

कागदावर चार ओळी होत्या. सुरक्षेची सर्व साधने जागेवर उपलब्ध असताना, लेखी नियमांची पूर्ण माहिती असताना, कामगाराने ती न वापरता स्वतःच्या जबाबदारीवर काम केले.

चंद्रमौळीरावांनी ते दोनदा वाचलं. "त्याला कोणी सांगितलं उचलायला?" त्यांनी विचारलं.

"मी म्हटलं, जमतंय का बघ. जबरदस्ती केली नाही. तो म्हणाला जमेल." कार्तिकेय खिडकीबाहेर बघत राहिला. "सार, या कागदात एक अक्षर तरी खोटं आहे का, तुम्हीच सांगा. घोड्या होत्या ना? नियम तुम्हीच शिकवलेत ना त्याला?"

"मीच हात लावू नको म्हणालो होतो."

"तेच." कार्तिकेय हळू आवाजात म्हणाला. "ते लिहायचं झालं तर असं लिहावं लागेल, की सुपरवायझरनं सुरक्षेची साधनं वापरायला मनाई केली. सगळ्यांसमोर केली. आणि स्वतः निघून गेले. मग चौकशीला येतात ते लोक पूजाबिजा ऐकून घेत नाहीत. चौतीस वर्षं, सार. या वयात. मला ते लिहायचं नाही. बाबांनाही आवडलं नसतं."

"आणि प्राणेश? त्याचं काय?"

"त्याला आपण सोडणार आहोत का? मी बघीन ना. फक्त कागदावर चूक कुणाची तरी लागते."

कागदावर चूक प्राणेशची लागली म्हणजे काय होतं, हे चंद्रमौळीरावांना न कळण्यासारखं नव्हतं. भरपाईची गोष्ट संपते. नोकरी मालकाच्या मर्जीवर येते, आणि मालकाची मर्जी म्हणजे श्रावणातलं आभाळ. उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी असलेला फिटर कोण ठेवणार? दुसरीकडं, दुसरा कागद लिहिला तर भिंतीवरची पाटी उतरणार. ती उतरेना का, असं त्यांना वाटायला हवं होतं. पण पाटीबरोबर आणखी बरंच उतरणार होतं. टपरीवर त्यांना पाहून उठून उभी राहणारी माणसं उतरणार होती. "मौळी सारच्या हाताखाली शिकलोय" असं छाती काढून सांगणारे जे पाच-पन्नास जण इस्टेटभर होते, ते खाली मान घालणार होते. एकसष्ट वर्षांच्या माणसाकडे दुसरं असतं काय? पेन्शन नव्हती, मुलगा नव्हता, घर भाड्याचं. एवढा एकच दागिना होता आणि तो त्यांनी जन्मभर रोज पुसून ठेवला होता.

बाहेर कुणीतरी फाटकापाशी पाणी मारत होतं. त्यांनी मनाशी म्हटलं, एक अक्षर खोटं नाही. मग म्हटलं, पुढं बघू, कार्तिकेयला नंतर समजावू, आज त्याचंही डोकं ठिकाणावर नाही. माणूस स्वतःला फसवायला बसला की त्याला वकील लागत नाही. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि नेहमीची लफ्फेदार सही केली. तारीखही घातली.

दवाखाना अण्णानगरला होता. चंद्रमौळीराव रिक्षानं गेले. वाटेत प्रत्येक दुकानापुढं केळीचे खांब, प्रत्येक रिक्षाला हार, सबंध शहर यंत्रांना हळदकुंकू लावून बसलेलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

कनका कॉरिडॉरमध्ये बाकावर होती. ती नवरात्रासाठी मुलाकडे आलेली होती, घरून निघाली तशी आलेली. केसांत सकाळचा गजरा तसाच. भावाला पाहून ती उठली आणि रडली नाही. तिनं फक्त त्यांचा हात घट्ट धरला आणि आत नेलं.

प्राणेश जागा होता. हाताचं मोठं पांढरं गाठोडं उशीवर ठेवलेलं. औषधानं त्याचे डोळे जड झाले होते, पण मामांना पाहून तो उठून बसायला लागला. चंद्रमौळीरावांनी त्याला दाबून निजवलं.

"जेवलेत का मामा?" त्यानं विचारलं.

त्यांनी मान हलवली. ती हो म्हणाली का नाही, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"मामा, एक सांगतो. तुम्ही कोप करूं नका." प्राणेशची जीभ जरा अडखळत होती. "कार्तिकेय सारांनी म्हटलें, काढ त्या घोड्या, कोण बघतें. दोनदां म्हटलें. शेवटीं तेच काढूं लागले. मींच आड आलों. म्हटलें, नको सार, मामांनीं चंदन लाविलें आहे."

"तूं काढायच्या होत्यास," चंद्रमौळीराव म्हणाले. "पोरा, काढायच्या होत्यास तूं."

"तें कसें?" प्राणेशला खरोखरच समजलं नाही. "तुम्ही सगळ्यांपुढें सांगून गेलांत. मींच मोडलें तर बाकीचे तुमचें ऐकतील का उद्यां?" त्याचे डोळे मिटत आले. "हात तर लाविला नाहीं मीं. चंदनाची खूण सुद्धा पुसली नाहीं त्यांची, बघितलेंत ना?"

"बघितलें," चंद्रमौळीराव म्हणाले.

प्राणेशच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. पहिल्या वर्षी नट योग्य क्रमानं आवळले म्हणून मामांनी पाठीवर थाप मारली होती, तेव्हा दिसलं होतं तसंच. मग तो झोपला.

सांगावं, असं चंद्रमौळीरावांच्या मनात आलं. आत्ता, इथंच. धावत परत जावं, कागद मागून घ्यावा, फाडावा, खरं ते लिहावं. उठायची तयारीही केली. पण कार्तिकेयनं त्यांच्यासमोरच तो कागद फोनवर टिपून कुठं कुठं धाडून दिला होता, आणि आज नाही तर उद्या हे कनकाला कळणारच होतं, आणि कळेल तेव्हा खाली आपली सही असणार होती. तिच्या तोंडाकडे बघवेना म्हणून ते पोराच्या उशीकडे बघत राहिले.

कनका त्यांच्या मागं येऊन उभी राहिली. "अण्णा," ती हळू म्हणाली, "डॉक्टर म्हणत होता, कारखान्यातून कागद येतील, त्यावर सगळें ठरतें. नोकरीचें, पैशांचें. मला आणि सुनेला त्यांतलें काय कळतें? पण मीं तिला सांगितलें, माझा अण्णा आहे तेथें, रडूं नकोस. कागदाचें तूंच बघ बाबा."

चंद्रमौळीराव उठले. त्यांनी चपला शोधल्या, त्या पायातच होत्या.

"बघितलें," ते म्हणाले. "सकाळींच सही केली मीं."

दुपारी केलेल्या सहीला त्यांनी सकाळ का म्हटलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक; सकाळी तर त्यांनी हत्यारांस हात लावायचा नाही, एवढंच सांगितलं होतं. कनकाच्या ते ध्यानातही आलं नाही. ती खाली वाकली आणि भावाच्या पायांवर तिनं डोकं ठेवलं.